सहीच्या कागदावरची निवडणूक

प्रश्न : मी ऑगस्टमध्ये मुलाकडे, शिकागोजवळच्या नेपरविलला होते. एका संध्याकाळी परीक्षेला नेतात तसलं पॅड हातात घेऊन एक बाई दारात आल्या. आपण राज्याच्या विधिमंडळासाठी इच्छुक आहोत, पक्षाच्या उमेदवारीसाठी आपलं नाव मतपत्रिकेवर यावं म्हणून सही हवी आहे, असं त्या म्हणाल्या. मुलाने सांगितलं की मतदान मार्चमध्ये आहे, आणि तेही खरं नव्हे, ती ‘प्रायमरी’. खरी निवडणूक पुढच्या नोव्हेंबरात. म्हणजे सव्वा वर्ष आधी ही बाई उन्हातान्हात दारोदार हिंडत होती! आपल्याकडे तिकीट पक्ष देतो, तेही कित्येकदा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी. तिथे इतक्या आधीपासून हे लोक नेमकं काय करत असतात? आणि त्यांना माझ्या मुलाची सही कशाला हवी?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपण दारात पाहिलेत तो निवडणुकीचा सर्वांत निर्णायक टप्पा होता, असे मी म्हणेन. टीव्हीवरच्या वादचर्चा आणि सभा नंतर येतात. राज्य विधिमंडळाच्या एखाद्या जागेचे भवितव्य कित्येकदा या पॅडवरच्या कागदावर ठरून गेलेले असते.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत प्रत्येक राज्याला आपले विधिमंडळ आहे. नेब्रास्का सोडून बाकी ४९ राज्यांत त्याची दोन सभागृहे आहेत आणि आपल्या विधान परिषदेसारखे अप्रत्यक्ष काही नाही. दोन्हीकडे लोकच थेट निवडून देतात. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये कनिष्ठ सभागृहाचे ११८ आणि सिनेटचे ५९ सदस्य आहेत. या जागांसाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवण्याचा अधिकार पक्षाच्या अध्यक्षाला नाही, तो प्रायमरीच्या मतदानातून मतदारांना आहे. हे सुरुवातीपासून तसे नव्हते. एकोणिसाव्या शतकात तिथेही पक्षाची अधिवेशने भरत, चार पुढारी बंद खोलीत बसत आणि यादी बाहेर येई. त्याविरुद्ध विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी आघाडी उघडली. १९०३ मध्ये तिथल्या विधिमंडळाने थेट प्रायमरीचा कायदा केला, १९०४ मध्ये जनतेने तो मतदानाने उचलून धरला, आणि हळूहळू ही पद्धत देशभर गेली. म्हणजे तिथला इच्छुक मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करत नाही, त्याला आपल्या गल्लीत हिंडावे लागते.

पण उद्या शंभर जण उभे राहिले तर मतपत्रिका केवढी करायची? म्हणून सहीची अट आली. इलिनॉयमध्ये कनिष्ठ सभागृहाच्या उमेदवारीसाठी किमान ५०० आणि सिनेटसाठी किमान १,००० मतदारांच्या सह्या लागतात. सही करणारा नोंदणी झालेला मतदार हवा, त्याच मतदारसंघात राहणारा हवा, आणि एका निवडणुकीत त्याला एकाच पक्षाच्या अर्जांवर सही करता येते. सह्या गोळा करायला सुमारे तीन महिने मिळतात. आपल्याकडे मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. तिथे पक्षाच्याच उमेदवाराला पाचशे सूचक गोळा करावे लागतात, असे समजा. आणि आपल्याकडे छाननीला जसे आक्षेप घेतात, तसे तिथेही घेता येतात. एकेका सहीवर.

या एकेका सहीवर काय काय अवलंबून असते, ते समजायला शिकागोतीलच एक प्रकरण पाहणे सर्वांत चांगले. साल १९९५, राज्य सिनेटचा १३ वा मतदारसंघ.

हा शहराच्या दक्षिण भागातला मतदारसंघ होता. शिकागो विद्यापीठाचा हाइड पार्क त्यात होता आणि गरिबीने पिचलेल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्याही त्यात होत्या. डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला, त्यामुळे नोव्हेंबरची निवडणूक ही औपचारिकता. ज्याच्या हाती प्रायमरी, त्याच्या हाती जागा. तिथल्या सिनेटर होत्या ॲलिस पामर, शिक्षणक्षेत्रात नाव असलेल्या, कार्यकर्त्यांत आदर असलेल्या बाई.

त्याच भागातील खासदार मेल रेनॉल्ड्स फौजदारी खटल्यात अडकले, ऑगस्ट १९९५ मध्ये दोषी ठरले आणि त्यांनी राजीनामा दिला. पामर यांनी त्याआधीच खासदारकीसाठी उभे राहण्याचे जाहीर केले होते. आता त्यांची राज्य सिनेटची जागा रिकामी होणार, हे उघड झाले. अशा वेळी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले लोक कुठेही असतात. त्यांत एक ३४ वर्षांचा वकील होता. विद्यापीठात कायदा शिकवायचा. १९९२ मध्ये त्याने राज्यात मतदार नोंदणीची मोठी मोहीम चालवली होती आणि सुमारे दीड लाख नवे मतदार यादीत आणल्याचे श्रेय त्या मोहिमेला दिले जाई. त्याचे पहिले पुस्तक नुकतेच बाजारात आले होते. त्याचे नाव बराक ओबामा.

१९ सप्टेंबर १९९५ रोजी हाइड पार्कमधल्या एका हॉटेलात ओबामांनी उमेदवारी जाहीर केली. त्यांची ओळख करून द्यायला खुद्द पामर हजर होत्या. मावळत्या सदस्याने नव्या इच्छुकाच्या पाठीवर हात ठेवणे, याहून मोठी शिदोरी या टप्प्यावर दुसरी नसते. तो हात पाहूनच बाकीचे अर्धे इच्छुक घरी बसतात.

मग फासे उलटे पडले. २८ नोव्हेंबरला खासदारकीची विशेष प्रायमरी झाली. जेसी जॅक्सन ज्युनियर जिंकले. पामर तिसऱ्या क्रमांकावर गेल्या, सुमारे दहा टक्के मतांवर. आता त्यांच्या चाहत्यांना वाटू लागले की बाईंनी आपली जुनी जागा तरी राखावी. बैठका झाल्या. या पोराने थांबावे, त्याचे वय काय पळून चालले आहे, अशी मनधरणी झाली. ज्येष्ठांनी सांगितले. ओबामांचे उत्तर ठाम होते : मी शब्द घेऊन कामाला लागलो आहे, माझी माणसे कामाला लागली आहेत, मी माघार घेणार नाही. हरल्यास आपण परत येणार नाही, असे पामर यांनी सांगितले होते, असा ओबामांच्या बाजूचा दावा. तसा शब्द दिलाच नव्हता, असे पामर यांच्या बाजूचे म्हणणे. दोन माणसांत तोंडी झालेली गोष्ट, तिला पुरावा कुठला?

ओबामांनी ११ डिसेंबरला, अर्ज स्वीकारायच्या पहिल्याच दिवशी, तीन हजारांहून अधिक सह्या दाखल केल्या. पामर यांनी शेवटच्या दिवशी, १८ डिसेंबरला, १,५८० सह्या दिल्या. त्या वेळी किमान ७५७ लागत. म्हणजे दुप्पट झाल्या की! कोणालाही वाटेल, पुरेशा आहेत. पण त्या अवघ्या काही दिवसांत घाईघाईने जमवलेल्या होत्या.

ओबामांचे स्वयंसेवक निवडणूक मंडळाच्या कचेरीत बसले. पुढ्यात मतदारयादी आणि शेजारी पामर यांचे कागद. एकेक नाव, एकेक पत्ता. हा मतदारसंघाबाहेर राहतो, ही सही कापा. ही नोंदणीतच नाही, कापा. इथे सही नाही, नुसते छापील अक्षरात नाव लिहिले आहे, कापा. शहराच्या यादीतून नुकतीच हजारो जुनी नावे वगळलेली होती. त्यामुळे ज्याला आपण मतदार समजून सही घेतली, तो यादीत उरलेलाच नाही, असेही अनेक निघाले. डिसेंबरअखेर रीतसर आक्षेप दाखल झाले. ओबामांनी फक्त पामर यांच्यावर आक्षेप घेतला असे नाही, रिंगणातल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यावर घेतला. एकाने १,८९९ सह्या दिल्या होत्या, तो ६९ सह्यांनी कमी पडला. दुसरा १,२८६ देऊन ८६ ने कमी पडला. पामर यांनाही आपला आकडा टिकत नाही, हे दिसले आणि १७ जानेवारी १९९६ रोजी त्यांनी माघार घेतली.

१९ मार्चच्या प्रायमरीत मतपत्रिकेवर एकच नाव होते. नोव्हेंबरात ८२ टक्के मते मिळाली. बारा वर्षांनी तो माणूस देशाचा अध्यक्ष झाला. सुरुवात झाली ती एका राज्य सिनेटच्या जागेवर, प्रायमरीत बिनविरोध.

पुढे २००७ मध्ये, अध्यक्षपदाच्या मोहिमेत, पत्रकारांनी हे प्रकरण उकरून काढले तेव्हा ओबामांनी नियम होते तसे आम्ही पाळले, अशी बाजू मांडली. कायद्याने ते खरेच आहे. खोट्या सह्या, यादीत नसलेली माणसे यांना मान्यता देणे हा कुठला न्याय? सह्यांच्या अटीला अर्थ असेल, तर त्या तपासल्याच पाहिजेत. तरी मला हे प्रकरण वाचताना दर वेळी टोचते. ज्या माणसाने दीड लाख लोकांना मतदार करण्यासाठी घाम गाळला, त्याच्या पहिल्या निवडणुकीत १३ व्या मतदारसंघातल्या मतदाराला निवडायला काहीच उरले नाही. पामर की ओबामा, हा प्रश्न त्या वस्त्यांतल्या लोकांना विचारला गेलाच पाहिजे होता. तो कचेरीतल्या टेबलावर सुटला. हाइड पार्कच्या मतदारांनी ओबामांनाच निवडले असते, असे मला वाटते. पण ‘असते’ आणि ‘निवडले’ यांत लोकशाहीचे सगळे अंतर आहे.

आपल्या मुलाची सही कशाला हवी, याचे उत्तर आता लक्षात आले असेल. त्या बाईंना पाचशे सह्या पुरत नाहीत. हुशार उमेदवार गरजेच्या दुप्पट-तिप्पट जमवतो, कारण समोरचा त्यातल्या अर्ध्या खोडून काढण्याच्या तयारीने बसणार, हे त्याला ठाऊक असते. (कमाल मर्यादाही आहे : कनिष्ठ सभागृहाला १,५००, सिनेटला ३,०००.) आणि स्वतः उमेदवार दारात आली, याला महत्त्व आहे. पैसे देऊन माणसे लावली की ती कोपऱ्यावर उभी राहून येईल त्याची सही घेतात, प्रसंगी स्वतःच करतात. मिशिगनमध्ये २०२२ साली गव्हर्नरपदाचे पाच रिपब्लिकन इच्छुक याच कारणाने बाद झाले. पैसे घेऊन सह्या जमवणाऱ्यांनी बोगस सह्या ठोकल्या होत्या. डेट्रॉइटचे माजी पोलीस प्रमुख जेम्स क्रेग त्या पाचांत होते आणि त्यांचे नाव सुरुवातीला आघाडीवर घेतले जात होते.


प्रश्न : सह्यांशिवाय या सुरुवातीच्या काळात आणखी काय चालते? पक्षाचे पुढारी खरंच हात बांधून बसतात का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बसत नाहीत. कायद्याने उमेदवारी लोकांच्या हाती दिली. पण लोकांपर्यंत कोणाकोणाची नावे पोचावीत, यावर पुढाऱ्यांची पकड अनेक ठिकाणी राहिली आहे.

पहिली गोष्ट पैशाची. १९८५ मध्ये गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या डेमोक्रॅटिक महिला उमेदवारांना मदत करण्यासाठी एक संस्था निघाली, एमिलीज लिस्ट. एमिली ही कोणी बाई नव्हे. ‘सुरुवातीचा पैसा यीस्टसारखा असतो’ या इंग्रजी वाक्यातल्या आद्याक्षरांचे ते नाव आहे. यीस्टने पीठ फुगते, तसा लवकर आलेला पैसा पुढचा पैसा आणतो. आपल्या स्वयंपाकघरात विरजणाला जे स्थान, तेच. राज्य विधिमंडळाच्या शर्यतीत एकूण रक्कम राष्ट्रीय निवडणुकीच्या मानाने लहान असते, म्हणून तर हे विरजण जास्त चालते. उमेदवारांना जमाखर्चाचे अहवाल ठरावीक तारखांना सरकारदरबारी द्यावे लागतात आणि ते कोणालाही पाहता येतात. त्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात देणगीच्या विनंत्यांचा पाऊस पडतो, कारण अहवालातला आकडा पाहून दुसरा इच्छुक उभा राहायचे की नाही ते ठरवणार असतो.

दुसरी गोष्ट पाठिंब्याची. शिक्षकांच्या संघटना, कामगार संघटना, शेजारच्या मतदारसंघातले आमदार, महापौर, वॉर्डातले पक्षप्रमुख. यांची नावे आधी कोणाच्या पत्रकावर छापली जातात, यासाठी कित्येक महिने आधीपासून फिल्डिंग लागते. उघड बोलले जाते ते पाठिंब्याबद्दल. बंद दाराआड जे चालते ते ‘तू या वेळी थांब, पुढच्या वेळी आम्ही तुझ्यामागे’ हेच. ही भाषा आपल्याला नवी नाही.

आणि जागा रिकामी होण्याची वेळ. इलिनॉयमध्ये विधिमंडळाचा सदस्य मुदतीच्या मधेच गेला, तर पोटनिवडणूक होत नाही. त्याच्याच पक्षाचे त्या मतदारसंघातले पदाधिकारी ३० दिवसांत उत्तराधिकारी नेमतात. नेमलेला माणूस पुढच्या प्रायमरीत ‘विद्यमान सदस्य’ म्हणून उभा राहतो, आणि विद्यमान सदस्याला हरवणे किती कठीण, हे सांगायला नको. ॲलिस पामर मुळात अशाच नेमणुकीने सिनेटमध्ये आल्या होत्या. २००४ मध्ये ओबामांनी ती जागा सोडली तेव्हा तिथे क्वामे राऊल यांची नेमणूक झाली. तेच २०१९ पासून राज्याचे ॲटर्नी जनरल आहेत. पद सोडणाऱ्याने तारीख निवडायची आणि येणाऱ्याला आयती खुर्ची मिळायची, हा मार्ग कायदेशीर आहे. मला तो मान्य नाही.

याचाच एक भाऊबंद नोव्हेंबर २०२५ मध्ये शिकागोत दिसला, विधिमंडळाच्या नव्हे, खासदारकीच्या जागेवर. खासदार हेसूस गार्सिया यांनी निवृत्तीचा निर्णय अर्जांची मुदत संपता संपता घेतला आणि पक्षातून शेवटच्या क्षणी अर्ज भरला तो त्यांच्याच कार्यालयाच्या प्रमुख बाईंनी. बाकीच्या इच्छुकांना दारोदार फिरून सह्या जमवायला वेळच उरला नाही. त्यावर देशाच्या प्रतिनिधिगृहाने नापसंतीचा ठराव केला आणि तो मांडणारी सदस्य गार्सियांच्याच पक्षाची होती. स्वतःच्या पक्षातील ज्येष्ठाविरुद्ध उभे राहून तिने हे केले, याबद्दल मला तिचा आदर वाटतो.

रांगेचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. इलिनॉयमध्ये अर्ज स्वीकारायच्या पहिल्या दिवशी सकाळी आठला जे रांगेत असतात, त्या सगळ्यांचे अर्ज एकाच वेळी आले असे मानतात आणि मतपत्रिकेवरचा पहिला क्रमांक चिठ्ठ्यांनी ठरतो. त्यासाठी माणसे राजधानी स्प्रिंगफील्डला पहाटेपासून उभी राहतात. पहिले नाव दिसले की अनोळखी नावांच्या गर्दीत काही मते त्याला आपसूक पडतात, हा सगळ्यांचा अनुभव. ज्याला पहिले स्थान मिळाले नाही, तो शेवटच्या दिवशी शेवटच्या तासात अर्ज देऊन निदान तळाचा क्रमांक मिळतो का पाहतो. मधल्या गर्दीपेक्षा तोही बरा.

मतपत्रिकेवरची जागा किती मोलाची असते, हे न्यू जर्सीत सर्वांत स्पष्ट दिसले. एडिसन आणि त्या परिसरात आपली कितीतरी मराठी माणसे आहेत, त्यांनी ही मतपत्रिका हाताळली असेल. तिथे अनेक वर्षे बहुतेक जिल्ह्यांत पक्षाचा जिल्हाध्यक्ष ज्यांना पाठिंबा देई, त्या सगळ्यांची नावे वरपासून खालपर्यंत एकाच ओळीत छापली जात. अध्यक्षपदाच्या उमेदवारापासून गावातल्या नगरसेवकापर्यंत एक सरळ रांग. बाकीचे इच्छुक दूर कुठल्या तरी कोपऱ्यात. मतदार ती सरळ रांग भरून घरी जाई. त्यामुळे राज्याच्या विधिमंडळात जाऊ पाहणाऱ्याची खरी प्रायमरी मतदारांसमोर नव्हे, जिल्हाध्यक्षाच्या बैठकीत होत असे. प्रायमरीचा सगळा हेतूच त्याने बाजूला सारला होता. २०२४ मध्ये अँडी किम देशाच्या सिनेटसाठी उभे राहिले आणि त्यांनी थेट फेडरल न्यायालयात दाद मागितली. त्या वर्षीच्या मार्चअखेर न्यायाधीश झाहिद कुरैशी यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ही पद्धत थांबवली. मग कायदाही बदलला, आणि जून २०२५ च्या प्रायमरीत विधिमंडळाच्या उमेदवारांची नावे पदानुसार, एका चौकटीत, सर्वांची एकत्र छापली गेली. एका कागदाची मांडणी बदलली एवढेच. पण त्या राज्यातल्या जिल्हाध्यक्षांचे अर्धे बळ त्या मांडणीत होते.


प्रश्न : आपल्याकडे मते फोडायला त्याच नावाचा अपक्ष उभा करतात. तिथे असे होते का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : आपल्या रायगडचेच उदाहरण आपल्या मनात असणार. २०१४ च्या लोकसभेला सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्याच नावाच्या अपक्षाला नऊ हजारांहून अधिक मते पडली होती.

शिकागोत त्याच्याशी जुळणारा आरोप झाला तो २०१६ मध्ये. मायकल मॅडिगन हे इलिनॉयच्या कनिष्ठ सभागृहाचे अनेक दशके सभापती होते. त्यांच्या मतदारसंघाची वस्ती बदलत बदलत बहुसंख्य लॅटिनो झाली होती. त्यांच्याविरुद्ध प्रायमरीत जेसन गोन्झालेस उभे राहिले, आणि मतपत्रिकेवर आणखी दोन स्पॅनिश आडनावे आली, ज्यांचा प्रचार फारसा कुठे दिसला नाही. हे डमी उमेदवार आहेत, लॅटिनो मते फोडायला आणले आहेत, असा आरोप करून गोन्झालेस न्यायालयात गेले. दावा टिकला नाही. न्यायालयाचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे : ही गोष्ट गोन्झालेस यांनी प्रचारातच मतदारांसमोर उघड मांडली होती, मतदारांना ती ठाऊक होती, आणि तरीही त्यांनी मॅडिगन यांना मोठ्या फरकाने निवडले. त्या दोघांना मिळालेली सगळी मते गोन्झालेस यांच्या पारड्यात टाकली असती तरी निकाल बदलला नसता.


प्रश्न : श्री ठाणेदार अशाच प्रायमरीतून पुढे आले ना? बेळगावचा माणूस डेट्रॉइटमध्ये कसा निवडून येतो?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : होय. ठाणेदार यांचा जन्म १९५५ चा, चिकोडीचा. बालपण बेळगावात गेले. मुंबईत रसायनशास्त्र शिकून १९७९ मध्ये ते अमेरिकेत गेले, पीएच.डी. केली, उद्योग उभारला, एकदा बुडाले, पुन्हा उभे राहिले. ‘ही श्रीची इच्छा’ हे त्यांचे मराठी आत्मचरित्र आपल्याकडे पुष्कळांनी वाचले आहे. २०१८ मध्ये ते थेट मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरले, स्वतःचे लक्षावधी डॉलर ओतले आणि तिसरे आले.

यानंतरची त्यांची चाल मला जास्त महत्त्वाची वाटते. गव्हर्नरपद हुकल्यावर ते आपल्या ॲन आर्बर गावातून डेट्रॉइटला राहायला गेले आणि २०२० साठी राज्याच्या कनिष्ठ सभागृहाच्या तिसऱ्या मतदारसंघातून इच्छुक झाले. मिशिगनमध्ये तेव्हा एका माणसाला या सभागृहात दोन-दोन वर्षांच्या तीनच मुदती मिळत. त्यामुळे तिथल्या सदस्याची मुदत संपणार होती आणि जागा मोकळी होणार, हे सहा वर्षे आधी कॅलेंडरवर लिहिलेले होते. मोकळ्या जागेवर गर्दी होते, मते विभागली जातात, आणि ज्याचे नाव आधीच घराघरांत पोचले आहे त्याला थोडक्या टक्क्यांवरही जिंकता येते. गव्हर्नरपदाच्या जाहिरातींनी त्यांचे नाव पोचवलेलेच होते. वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीय, उमेदवार बाहेरून आलेला; ‘पार्सल’ ही आपल्याकडची टीका तिथेही वेगळ्या शब्दांत झाली. ऑगस्ट २०२० ची प्रायमरी ते जिंकले. २०२२ मध्ये हेच गणित त्यांनी खासदारकीच्या प्रायमरीत मांडले : नऊ उमेदवार, आणि त्यांना पुरली ती सुमारे २८ टक्के मते.

पुढच्या खेपेला सह्यांचा कागद त्यांच्या बाजूने बोलला. २०२४ मध्ये त्यांचे मुख्य आव्हानवीर ॲडम हॉलियर यांच्या सह्यांवर ठाणेदार यांनी आक्षेप घेतला. एक हजार वैध सह्या हव्या होत्या. तपासणीनंतर ८६३ उरल्या. हॉलियर बाद झाले.

मराठी माणूस तिथे पोचला याचा मला आनंद आहे. पण गर्दीत २८ टक्क्यांवर जागा मिळणे आणि मग मुख्य स्पर्धक कागदावर बाद होणे, यातून मतदारसंघाचा कौल किती कळतो, हा प्रश्न आपला माणूस असला म्हणून विचारायचा राहू नये. १९९६ च्या शिकागोसाठी जो प्रश्न मी विचारला, तोच इथेही आहे.


प्रश्न : मुलगा वर्क व्हिसावर आहे. शेजाऱ्याच्या आग्रहाने त्याने अशाच एका कागदावर सही केली. काही बिघडते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ही सही मोजली जाणार नाही. इलिनॉयसारख्या राज्यात नोंदणीकृत मतदाराचीच सही चालते आणि नागरिक नसलेल्याला मतदार म्हणून नोंदणी करताच येत नाही. म्हणजे ज्या उमेदवाराला मदत करायची होती, त्याच्या कागदावर छाननीत खोडली जाणारी एक ओळ वाढली.

मुलाला तीन गोष्टी आजच फोन करून सांगा. नागरिकत्व मिळेपर्यंत अशा कागदावर सही करू नये. कोणी मतदार नोंदणीचा अर्ज पुढे केला, तर तो भरू नये. आपण नागरिक आहोत असे खोटे लिहिले गेले तर त्याचे परिणाम थेट व्हिसावर आणि पुढच्या ग्रीन कार्डावर होऊ शकतात. आणि उमेदवाराला देणगीही देऊ नये. ग्रीन कार्ड मिळालेल्यांना ती देता येते, वर्क व्हिसावरच्यांना नाही, आणि हा नियम राज्य व स्थानिक निवडणुकांनाही लागू आहे. सही आधीच झाली असेल, तर ती कोणत्या कागदावर, कोणत्या मजकुराखाली झाली ते त्याने नोंदवून ठेवावे आणि इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्यावे.

आपल्यापैकी ज्यांची मुले तिथे नागरिक झाली आहेत, त्यांनी मात्र उलटे सांगावे : पॅड घेऊन दारात आलेल्या माणसाला आत बोलवा, तो कोणत्या मतदारसंघातून उभा आहे ते विचारा, आणि पटले तर यादीत आहे तसेच पूर्ण नाव आणि पत्ता लिहून सही करा.